शिकलगाराच्या हातातली सतार

गिटार आता आपल्या घरांना परकी राहिलेली नाही. नांदेडच्या किंवा लातूरच्या रस्त्यावर संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलांमध्ये एखाद्याच्या पाठीवर गिटारची काळी पिशवी दिसतेच. बाप विचारतो, कितीला पडली? आई म्हणते, अभ्यास बुडेल. पण हे वाद्य बनवले कुणी, ते बनवायला माणूस शिकतो कसा आणि आपल्या पोराला ते शिकता येईल का, असे कुणी विचारत नाही. वाजवणाऱ्यांची चरित्रे लिहिली जातात. ज्याच्या हातांनी लाकूड पोखरले, त्याचे नाव क्वचितच कुठे लिहिलेले सापडते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे नवखा माणूस एखादी गोष्ट शिकतो कशी, हा आमच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. म्हणून हा इतिहास आम्हाला शिकवण्याच्या बाजूने पाहावासा वाटतो.

आधी गिटारचीच हकीकत. ग्रीकांचे ‘किथारा’ अरबीत ‘कीतारा’ झाले आणि स्पेनमध्ये ‘गितारा’. तिच्या शेजारचे दुसरे वाद्य म्हणजे ऊद. अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड. ‘अल-ऊद’वरूनच युरोपातल्या ‘ल्यूट’ला नाव मिळाले. इ.स. ८२२ मध्ये बगदादकडचा गवई झिरयाब स्पेनमधल्या कुर्तुबा शहरी पोहोचला. त्याने ऊदला पाचवी तार जोडली, असे जुन्या अरबी ग्रंथांत सांगितले आहे. इ.स. ९५० मध्ये निधन पावलेल्या अल-फाराबीने आपल्या ‘किताबुल मूसीकी अल-कबीर’ या ग्रंथात ऊदवरच्या पडद्यांच्या जागा गणिताने मांडल्या. म्हणजे तारेची लांबी आणि सूर यांचा हिशेब आपल्या पूर्वसूरींनी हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता.

आजची लाकडी गिटार ज्याच्या हातून घडली तो आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हा स्पेनमधल्या अल्मेरियाचा. बाराव्या वर्षी तो सुताराकडे कामाला लागला. गिटारच्या वरच्या पातळ फळीखाली त्याने पंख्यासारख्या पट्ट्या बसवल्या. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण आज साधारण चाळीस किलोच्या घरात जातो. तो ताण सोसूनही फळी थरथरली पाहिजे, यासाठी ही युक्ती. आवाज वरच्या फळीतून येतो हे पटवण्यासाठी १८६२ मध्ये त्याने एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या होत्या! एवढा मोठा कारागीर. पण आपले गुपित बोटांच्या टोकांत आहे, ते कुणाला देता येत नाही, असे तो म्हणत असे. त्याच्या ओळखीच्या एका पाद्र्याने ही आठवण नोंदवून ठेवली आहे.

पण गुपित राहिले का? १९६६ मध्ये अमेरिकेत आयर्व्हिंग स्लोन यांचे गिटार बनवण्यावरचे पुस्तक आले. मोजमापे, आकृत्या आणि कामाचा क्रम त्यात दिलेला होता. १९८७ मध्ये कंपियानो आणि नाटेलसन यांचे त्याहून मोठे पुस्तक निघाले. त्यानंतर ज्यांच्या घरात कुणी रंधाही धरला नव्हता असे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आपली पहिली गिटार स्वतः बनवू लागले. त्यातले सगळेच तोरेस झाले नाहीत. पण हुन्नर काही निवडक बोटांत कोंडलेला राहिला नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. तंतुवाद्य बनवणाऱ्यांचे आपल्याकडचे मोठे गाव म्हणजे मिरज. तिथली सतार आणि तानपुरा देशभरच्या गवयांच्या मांडीवर असतो. ही वाद्ये बनवणाऱ्या मुस्लिम घराण्यांचे आडनावच आज ‘सतारमेकर’ झाले आहे. ऐकणाऱ्याला वाटते, हा हुन्नर यांच्या रक्तातच असेल, पिढ्यान्‌पिढ्या, अमीर खुसरोच्या काळापासून चालत आला असेल.

हे दोन्ही समज इतिहासापुढे टिकत नाहीत. सतारीचा शोध अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांनी लावला, असे आपण शाळेत शिकलो. अभ्यासक मात्र तिचा उगम अठराव्या शतकातल्या दिल्लीत मानतात आणि खुसरो खाँ नावाच्या दुसऱ्याच कलावंताकडे बोट दाखवतात. नावाच्या सारखेपणाने घोटाळा झाला. सतारीचा एक अगदी जुना उल्लेख मिळतो तो दरगाह कुली खाँ यांच्या ‘मुरक्का-ए-दिल्ली’त. हे गृहस्थ १७३८ नंतर निजामुल्मुल्कांबरोबर दख्खनमधून दिल्लीस गेले होते आणि पुढे औरंगाबादचे सुभेदार झाले. म्हणजे त्या नव्या वाद्याची नोंद करणारा माणूस आपल्याच मुलखातला होता.

आणि सतारमेकर? ते मूळचे शिकलगार. उर्दू वाचणाऱ्याला या शब्दाचे मूळ लगेच कळेल. ‘सैकल’ म्हणजे धातूला चकाकी आणणे, आणि सैकलगर म्हणजे तलवारीला धार व झिलई देणारा. आदिलशाही काळापासून लष्करी महत्त्व असलेल्या मिरजेत या पेशाला काम होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या आणि तलवारी खुंटीला लागल्या. शिकलगाराच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. मिरज संस्थानात पटवर्धनांच्या दरबारी गवई होते. पण तानपुरा बिघडला की तो दुरुस्तीला दूर उत्तरेकडे पाठवावा लागे. मिरजेत सांगतात ते असे की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार भावांच्या हाती असे एक बिघडलेले वाद्य आले. त्यांनी ते उघडून पाहिले, समजून घेतले, दुरुस्त केले. मग तसेच दुसरे बनवून पाहिले.

या हकीकतीत आम्हाला सर्वात मोलाची वाटते ती एकच गोष्ट. मिरजेची पहिली सतार नवशिक्यांनी बनवली. त्यांच्या वडिलांनी सतार बनवली नव्हती आणि घरात गुपिताची वही नव्हती. समोर एक मोडके वाद्य होते, काम देणारा एक आश्रयदाता होता आणि हातांना दुसऱ्या एका कामाची सवय होती.

ही सवय नवख्याच्या कामी कशी येते, ते तानपुरा घडवण्याच्या क्रमातून कळते. काम भोपळ्यापासून सुरू होते. हा कडू भोपळा भाजीचा नव्हे. तो वेलीवरच मोठा होऊन टणक होतो. महिनोन्‌महिने वाळवल्यावर त्याला पाण्यात भिजवतात, कापतात, आतला गर काढतात. मग आतून काड्यांचा आधार देऊन त्याचा आकार धरून ठेवतात आणि पुन्हा वाळवतात. इथे शागिर्द पहिला धडा शिकतो तो सबुरीचा, कारण घाई केली की भोपळा तडकतो. मग तुनीचे लाकूड. ते हलके, मऊ आणि आवाजाला चांगले. भोपळा आणि दांडी जोडणारा गळ्याचा भाग, त्याला गुलू म्हणतात. त्यानंतर भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली, आतून पोकळ दांडी आणि खुंट्या. खुंटी शंकूसारखी निमुळती असते आणि भोकही तसेच निमुळते करावे लागते. थोडे ढिले झाले तर तार उतरते, फार घट्ट झाले तर खुंटी फिरत नाही. मग लाखेची झिलई.

सर्वात शेवटी जवारी. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या माथ्याला निसटता स्पर्श करत थरथरते आणि तानपुऱ्याचा तो भरलेला, गुंजणारा आवाज उठतो. कानसीचा एक हात जास्त बसला की आवाज चिरका होतो आणि एक हात कमी पडला की मुका. तलवारीच्या पात्यावर झिलई करणाऱ्याच्या बोटांना हाच अंदाज लागतो, किती घासायचे आणि कुठे थांबायचे. आम्हाला वाटते, शिकलगार सतारमेकर झाला तो याच जागी. जुना हुन्नर वाया गेला नाही, त्याला नवे काम मिळाले. या कारागिरांच्या गावात पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) येऊन स्थायिक झाले. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, आणि त्या गाण्यामागे वाजतो तो तानपुरा गावातल्याच हातांनी घडवलेला असतो.

मिरज आणि मराठवाडा यांचे नाते जुने आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला आली आणि १९२७ मध्ये तोच मार्ग पंढरपूरहून मिरजेला जोडला गेला. ज्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारातून मिरजेला सतारीचे भोपळे जातात, त्याच शिवारावरून ही गाडी धावत होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी आली ती मिरजेहूनच. त्या उन्हाळ्यात लातूरकरांच्या तोंडी मिरजेचे नाव रोज होते. मिरजेहून पाणी येऊ शकते, तर हुन्नर का येऊ नये?

नांदेडकडे पाहिले तर प्रश्न आणखी टोकदार होतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान झाले ते नांदेडला. शीख कीर्तनाच्या परंपरेत तंतुवाद्यांना मोठा मान आहे. गुरू नानकांच्या सोबत आयुष्यभर रबाब वाजवणारे भाई मरदाना मुसलमान होते. आणि याच नांदेड परिसरात शिकलकरी शीख समाज राहतो. नाव तेच, सैकलगर. पेशाही तोच, शस्त्रे घडवण्याचा. शस्त्रे गेल्यावर त्यांच्यातले अनेकजण लोखंडाची आणि पत्र्याची भांडी, कुलपे-किल्ल्या करून पोट भरू लागले. आपल्या मुस्लिम शिकलगारांपैकीही कितीतरी जण सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरले. हातांचे कसब सगळ्यांचे सारखेच होते. मिरजेतल्या दोघांसमोर मोडका तानपुरा आला, इतरांसमोर तो कधी आलाच नाही. म्हणून जेव्हा कुणी म्हणतो की अमुक समाजाच्या रक्तात कला आहे आणि तमुकांच्या नाही, तेव्हा आम्ही त्याला या दोन शिकलगारांची गोष्ट सांगतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची बातमी आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, शागिर्द आणून देत नाही. महिनोन्‌महिने बसून एक वाद्य करायचे आणि त्याच्या बाजूला यंत्रावर निघालेली स्वस्त गिटार किंवा मोबाइलमधला तानपुरा ठेवलेला. अशा वेळी कारागिराचा मुलगा दुसरी नोकरी शोधतो, त्याला दोष कसा द्यावा? सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पेशे घेतले आहेत. त्यात शस्त्रे बनवणारा आहे, लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे. वाद्य बनवणाऱ्याचे वेगळे नाव त्या यादीत नाही. शिकलगार तलवार सोडून सतारीकडे गेला, यादी मात्र अजून तलवारीपाशीच थांबली आहे!

घराण्यातल्या मुलाने यावे म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा बाहेरच्या नवख्याला दार उघडावे, हे आम्हाला इतिहासाचे सांगणे वाटते. सुरुवात फार अवघड नाही. आमच्या वर्गात आम्ही कार्यानुभवाच्या तासाला एका फळीवर तार ताणतो. मुले पट्टीने मोजतात. तार निम्म्यावर दाबली की वरचा षड्ज, दोन-तृतीयांशावर पंचम, तीन-चतुर्थांशावर मध्यम. अपूर्णांकाला कंटाळणारा मुलगा इथे कान टवकारतो. मग गिटारच्या पडद्यांचा हिशेब. तारेची लांबी १७.८१७ ने भागायची. पासष्ट सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा ३.६५ सेंटिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे. असे करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, साडेबत्तीसवर पडतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवून कानाने जुळवावे लागतात. एकीकडे गणित, दुसरीकडे कान, आणि शिकणाऱ्याला दोन्ही हवेत. गोंधळ्यांच्या हातातले तुणतुणे आपल्या मुलांनी पाहिलेले असते. लाकडी पोकळ नळकांडे, कातडे आणि एक तार. नवख्याचे पहिले वाद्य तेच असावे. दुसरे तानपुरा, कारण त्याला पडदे नसतात. सतार आणि गिटार त्यानंतर.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, गावातल्या कारागिरांजवळ काम शिकण्यासाठी सांगितले आहेत. आपल्या उर्दू शाळांनी हे दहा दिवस कागदावर भरून टाकू नयेत. गावातल्या सुताराला, धार लावणाऱ्याला, शिकलकरी बांधवाला वर्गात उस्ताद म्हणून बोलवावे, मानधन द्यावे, मुलांना त्यांच्यापुढे अदबीने बसवावे. मिरजेच्या एखाद्या जाणत्या कारागिराने कामाचा क्रम, मापे आणि आकृत्या मराठीत आणि उर्दूत लिहून काढाव्यात. असे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. दहा दिवसांत सतारमेकर घडत नाही, हे आम्ही जाणतो. पण हातात कानस धरलेला मुलगा पुढे बाजारातून गिटार घेताना तरी ती उलटी करून पाहील, खुंटी फिरवून पाहील, जोड तपासेल. आणि शंभर मुलांतल्या एकाला ती उघडून पाहावीशी वाटली, तर फरीदसाहेबांनी आणि मोईनुद्दीन यांनी जिथून सुरुवात केली, तिथेच तोही उभा असेल.