कणगीखालचे चार दगड

मी चकलांब्याहून बोलतेय. बचत गटांचं काम बघते, त्यामुळं गेवराई तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर सारखं जाणं असतं. गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते तेव्हा कारण लिहून घ्यावं लागतं. बियाणं, दवाखाना, शेळी ही नेहमीची कारणं. अलीकडं एक कारण वाढलंय: घराशेजारी पत्र्याचं शेड. कुणाला सरपण ठेवायचंय, कुणाला शेळ्यांचा चारा, कुणाला गटाच्या डाळीची पोती. शेड उभं राहतं, सोय होते. मग एक-दोन पावसाळे गेले की त्याच घरातून ऐकू येतं, "ताई, चौकटीला वाळवी लागली."

शेड आलं आणि वाळवी आली, हा योगायोग नाही. का ते समजायला जरा मागं जावं लागेल. बी.ए.ला इतिहास होता माझा. त्यात राजे होते, लढाया होत्या. आपल्या तालुक्यातल्या राक्षसभुवनाला १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं, तेही होतं. पण त्या काळी घरातल्या बाईनं ज्वारी कुठं ठेवली, सरपण कुठं रचलं, हे एका ओळीतही नव्हतं. ते मला नंतर, तुकड्या-तुकड्यानं कळलं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. खाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. मातीची घरं, चुली, जवाचे दाणे. धान्य साठवायची ठिकाणंही सापडली. जमिनीत खोदलेली पेवं होती, कणगी ठेवायचे मातीचे गोल ओटे होते. आणि काही घरांत चार चपटे दगड मांडलेले होते. चार पायांच्या मोठ्या रांजणाचा एकेक पाय एकेका दगडावर यावा, असे. रांजण थेट जमिनीला टेकत नव्हता. ते दगड कशासाठी, हे त्या बाईनं लिहून ठेवलेलं नाही. पण आपल्यातल्या ज्यांनी कणगीखाली दगड सारलेत, त्यांना ते कुणी सांगायची गरज नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सरकारी कोठाराचा भाग आहे. त्यात मिठाला जमीन चालेल म्हटलंय, पण धान्य मात्र उंचावर ठेवा असं सांगितलंय.

आता आपल्या मराठवाड्याच्या घरांकडं येऊ. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी माळवदाचं घर पाहिलंय, काहीजणी त्यातच जन्मल्यात. त्या घराचा लाकडी खांब आठवा. त्याच्या बुडाशी घडीव दगड असायचा, तळखडा. सगळं माळवद त्या खांबावर, पण खांबाचं लाकूड मातीत गाडलेलं नाही. घराला दगडी जोतं असायचं, तेही हात-दोन हात उंच. धान्य भिंतीतल्या बळदात किंवा कणगीत. कणगी तुराट्यांची नाहीतर निरगुडीच्या फोकांची विणायची, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपायची, दाण्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. जास्तीची ज्वारी पेवात.

पेवाबद्दल थोडं सांगते, कारण नव्या मुलींना 'पेव फुटणं' हा वाक्प्रचार माहीत असतो, पेव माहीत नसतं. कोरडी, मुरमाड जागा बघून खड्डा घ्यायचा. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडबा, भुसा यांचा जाड थर लावायचा, मधे ज्वारी ओतायची, वर दगड ठेवून मातीनं तोंड लिंपून टाकायचं. आत हवा कोंडली की दाण्याच्या श्वासानंच प्राणवायू संपत जातो आणि कीड मरते. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आधी कंदील सोडून बघायचे. कंदील विझला तर माणूसही विझेल. तरीही गुदमरून माणसं गेलीत. कडेच्या दाण्याला ओल लागायची, तो काळा पडायचा, त्याला वास यायचा. म्हणजे जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही.

आणि सरपण? तुराट्या, पऱ्हाट्या, गवऱ्यांचा हुडवा, कडब्याची गंजी, हे सगळं परड्यात नाहीतर खळ्यावर, घराच्या भिंतीपासून दूर. त्याला मुख्य कारण आगीचं होतं. एक ठिणगी पडली तर गंजीबरोबर घर जायला नको. विंचू-सापाची भीती दुसरी. पण त्या दूर ठेवण्यानं वाळवीचाही रस्ता आपोआप तुटायचा.

तो रस्ता कसा असतो तेही बघा. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला पुजतो ते बांधते वाळवीच, नाग त्यात नंतर राहायला येतो. खरं घर जमिनीखाली, राणी तिथं. बाहेर येतात ते कामकरी किडे पांढरे, मऊ अंगाचे आणि आंधळे. ऊन-वारा लागला की ते सुकून मरतात. म्हणून ते उघड्यावर चालत नाहीत. थुंकी-मातीची बारीक नळी बांधत जातात आणि तिच्या आतून ये-जा करतात. त्यांना ओल हवी, अंधार हवा, कुणी हलवू नये एवढं हवं. खायला लाकूड, कागद, सुती कापड, कडबा, तागाचं पोतं. दगड आणि सिमेंट ती खात नाही, पण त्यातली सुईएवढी फट तिला पुरते.

दगडी जोत्यावरून नळी बांधायची तर तिला उघड्यावर यावं लागतं. बाई रोज झाडायची, आठवड्याला सारवायची, तेव्हा ती नळी पोतेऱ्याखाली पुसली जायची. सारवणानं वाळवी मरत नाही, उगाच भ्रम नको. पण सारवताना घराच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर बाईचा हात फिरतो, डोळा फिरतो. या पहाऱ्याची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही आणि मजुरीही कुणी दिली नाही.

मग हे मोडलं कसं? एका दिवसात नाही.

आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानानं धान्याची सक्तीची लेव्ही लावली. तेव्हा भरलेलं पेव म्हणजे लपवायची गोष्ट झाली. पुढं १९७२ चा दुष्काळ आला. पेवं रिकामी, माणसं खडी फोडायला, पोटात सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. दुष्काळानंतर संकरित ज्वारी वाढली. खरिपाची ती ज्वारी पावसात सापडली की काळी पडायची. मालदांडीसारखी टिकाऊ नव्हे, साठवण्यापेक्षा विकलेली बरी. रेशनचं दुकान आलं. १९७६ ला जायकवाडीचं धरण पुरं झालं, उजवा कालवा आपल्या जिल्ह्यात आला. पाणी आलं ते चांगलंच झालं, पण पेवाला लागते कोरडी जमीन.

मग ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची छाती कुणाला राहिली नाही. आपल्याकडंही माळवदं उतरली, पत्रे चढले. ते योग्यच होतं, जीव मोठा. पण माळवदासोबत बळद गेलं, तळखडा गेला, आणि पत्र्याच्या खोलीत पोती भिंतीला लावून रचायची सवय लागली.

शेवटची पायरी घरकुलाची. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेचं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं, स्वयंपाकाची जागा धरून. पक्कं घर मिळालं याचं मोल मी जाणते. पण नकाशात कणगी नाही, सरपण नाही, शेळीचा चारा नाही. मग बाई काय करते? घरकुलाच्या भिंतीचा आधार घेऊन तीन बाजूंनी पत्रे ठोकते. एक भिंत वाचली, खर्च वाचला. बाभळीचे वासे सरळ मातीत गाडते. आत सरपण घराच्या भिंतीला टेकवून रचते. हजारो वर्षं घर आणि साठवण यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, ती इथं बुजली. वाळवीला जमिनीतून वाशात, वाशातून सरपणात, सरपणाआडून भिंतीवर आणि भिंतीवरून चौकटीत, सगळा प्रवास सावलीतून. नळी दिसतच नाही, कारण वर सरपण आहे.

मधल्या काळात आपण विषावर भिस्त ठेवली, तेही सांगायला हवं. आल्ड्रिन, बी.एच.सी. पावडर घराघरांत होती. ही विषं मातीत वर्षानुवर्षं राहतात, अंगातल्या चरबीत साठतात, आईच्या दुधात उतरतात. १९९० च्या दशकात सरकारनं दोन्हींवर बंदी घातली. अजून कुणाच्या फळीवर जुना डबा असेल तर तो शेडमध्ये शिंपडू नका, पोत्यांजवळ तर मुळीच नाही.

आता आपल्या जिल्ह्याचं जे वेगळं दुखणं आहे त्याकडं येते. दिवाळीच्या आसपास उचल घेऊन किती घरं ऊसतोडीला जातात, तुम्हाला ठाऊक आहे. पाडव्यापर्यंत, कधी त्यानंतरही, कुलूप. त्या पाच-सहा महिन्यांत झाडणं नाही, सारवणं नाही, कुणाचा डोळा नाही. वाळवीला याहून काय पाहिजे? एका गटातल्या ताई कारखान्यावरून परतल्या तेव्हा शेडातली दोन पोती उचलताच बूड खाली राहिलं आणि धान्य सांडलं. भिंतीपलीकडं, घरात, लाकडी पेटी होती. लुगडी, पोरीचा शाळेचा दाखला, गटाचं पासबुक. वरून पेटी धड दिसत होती. झाकण उघडलं तर आत माती. दाखल्याची दुसरी प्रत काढायला तिनं तीन खेपा घातल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. पत्र्याचं कर्ज अजून फिटायचं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं शेड बांधायचं ते सहा महिने बिनमाणसाचं राहील असं धरून बांधा. आमच्या गटात आता कर्ज देण्याआधी आम्ही जागा बघायला जातो. शेड घराच्या भिंतीला चिकटवायचं नाही, मधे बाईला वाकून झाडू मारता येईल एवढी, दोन हात तरी जागा सोडायची. चौथी बाजू पत्र्याची केली तर चार-पाच पत्रे जास्त लागतात. चौकटीपेक्षा ते स्वस्त. खांब लोखंडी अँगलचे, सिमेंटात बसवलेले. लाकडीच असतील तर तळखड्यासारखे दगडावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर. जोतं फूटभर उंच. भराव टाकताना त्यात जुनी मुळं, फळ्यांचे तुकडे, सेंट्रिंगची लाकडं राहू द्यायची नाहीत. गवंडी ती तिथंच पुरून टाकतो, उभं राहून काढायला लावा. पत्र्याची पागोळी घराच्या जोत्यात पडू नये, न्हाणीचं पाणी तिकडं वळू नये.

जागाच नसेल आणि भिंतीला लावूनच बांधावं लागत असेल, तर खरी जागा धोक्याची आहे ती जुन्या आणि नव्या जोत्याच्या सांध्याची. दोन्ही बांधकामं वेगवेगळी बसतात आणि मधे फट पडते. ती सिमेंटनं पक्की भरून घ्या आणि त्या सांध्यावर काहीही रचू नका, तो उघडा दिसला पाहिजे. पोती फळीवर, फळी विटांवर, आणि भिंतीपासून वीतभर पुढं. फळीपेक्षा लोखंडी घोडी मिळाली तर उत्तम. सरपण तर शेडात नकोच, ते परड्यात दगडांवर रचा आणि जुनं आधी जाळा, नाहीतर खालचा थर वर्षानुवर्षं तिथंच कुजतो. धान्याला पत्र्याची कोठी घेतली तरी खाली चार दगड हवेतच, बूड गंजत नाही आणि खालून बघता येतं.

नळी दिसली तर पुसून गप्प बसू नका. मधोमध दोन बोटं तोडा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी चालू आहे. मग जमिनीत औषध टाकायचं काम माहितगाराकडूनच करून घ्या. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर त्याला आधी सांगा, आणि त्या दिवशी धान्य, चारा, लेकरं तिथून हलवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी आमच्या दोन गटांनी एक सोय केलीय. ज्या मागं राहतात त्यांच्याकडं कुलपाच्या किल्ल्या नाहीत, त्यामुळं आत जाता येत नाही. पण शेड आणि घर यांच्यामध्ये सोडलेल्या त्या दोन हातांतून महिन्यातून एकदा चालत जाता येतं. अमावास्येच्या बैठकीला येताना एकजण ती चक्कर मारते, जोत्याकडं बघते आणि वहीत घरमालकिणीच्या नावापुढं खूण करते. दाखले आणि पासबुकं आता घरात ठेवून कुणी जात नाही. ती गटाच्या पत्र्याच्या पेटीत असतात, आणि ती पेटी अध्यक्षाबाईंच्या ओसरीत चार विटांवर ठेवलेली आहे.