पाणबुड्या यंत्रांच्या स्पर्धेचं कूळ

पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रमानवाची वंशावळ नौदलापासून सांगायचा प्रघात आहे. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेसजवळ अमेरिकी बॉम्बफेकी विमान कोसळलं, त्यातला एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला आणि केबलने चालवलेल्या ‘कर्व्ह’ या यंत्राच्या मदतीने तो वर आला. यंत्राचं कूळ म्हणून हे ठीक आहे. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेचं कूळ मात्र वेगळं, आणि बीडसारख्या समुद्र नसलेल्या जिल्ह्याने ते समजून घेण्यासारखं आहे. ही स्पर्धा जन्मली ती कुशल हातांच्या टंचाईतून. समुद्रातल्या तेलविहिरींवर अशी यंत्रं रुळली, पण ती चालवणारे, उघडून दुरुस्त करणारे तंत्रज्ञ हवे तेवढे मिळत नव्हते. म्हणून १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे पेनिन्सुला कॉलेजात ‘मेट’ हे केंद्र उभं राहिलं आणि २००२ मध्ये त्याची पहिली स्पर्धा झाली. मरीन टेक्नॉलॉजी सोसायटीची या यंत्रांसाठीची समिती तिच्या पाठीशी होती. पोरांनी आपल्या संघाला कंपनी समजायचं, तांत्रिक अहवाल लिहायचा, आणि याच धंद्यात काम करणाऱ्या परीक्षकांसमोर उभं राहून प्रत्येक निर्णयाचं कारण सांगायचं, अशी तिची रीत. माझ्या मते स्पर्धेचा खरा शोध हाच आहे: जाणत्या माणसाने नवशिक्याचं काम हातात घेऊन तपासणं.

यावर कोणी म्हणेल, १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘रोबोसब’ला अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाचंच पाठबळ होतं. ते खरं आहे. पण तिथेही नौदलाला हवी होती ती माणसंच. त्या स्पर्धेत यंत्राला केबल नसते. रेडिओलहरी पाण्यात फार लांब जात नाहीत, त्यामुळे एकदा बुडी मारली की यंत्राने स्वतःच्या बुद्धीने वाट काढायची. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘मत्स्य’ याच स्पर्धेत उतरत आला आहे. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनेही विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा घेतली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: हे पैसेवाल्या, किनाऱ्यावरच्या संस्थांचे खेळ. त्याला २००४ चं उत्तर आहे. त्या वर्षी ‘मेट’च्या वरच्या गटात फिनिक्स या वाळवंटातल्या शहरातल्या कार्ल हेडन शाळेच्या चार पोरांनी एमआयटीला मागे टाकलं. साधारण आठशे डॉलरचं, प्लास्टिकच्या पाइपांचं यंत्र. सर्किटच्या डब्यात पाणी झिरपू लागलं तेव्हा त्यांनी आत टॅम्पॉन ठेवून ते शोषून घेतलं. अशाच साध्या धाटणीच्या ‘सीपर्च’ या शाळकरी यंत्रात छोटी मोटर फोटोच्या रिळाच्या डबीत ठेवून भोवती मेण ओततात. मेण थिजलं की पाण्याला वाट उरत नाही. खर्चाचा मोठा भाग इथे पैशाचा नसून हाताचा आहे.

आणि तो हात बीडमध्ये नाही असं कोण म्हणेल? बोअरमध्ये सोडलेली सबमर्सिबल मोटर वर काढायची, प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेने तिचं वायंडिंग नव्याने भरायचं, केबलचा जॉइंट असा बांधायचा की शेकडो फूट खाली वीज आणि पाणी एकमेकांना भेटणार नाहीत, हे काम तालुक्याच्या गावात रोज चालतं. दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढतो, हे वायंडिंगवाल्याला सूत्रात सांगता येईलच असं नाही. पण कोणता जॉइंट दगा देईल ते तो बोटांनी ओळखतो. पाण्याची विद्याही इथे जुनी आहे. बीडजवळची खजाना बावडी निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिचं पाणी येतं आणि पुढे शेतीला जातं.

राहिला शेवटचा प्रश्न: जिथे टँकरची वाट पाहतात तिथे पाण्याखालचं यंत्र कशाला? दुष्काळी जिल्ह्यातही सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे बुडालेल्या माणसाचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातल्या एका जवानाचाच मृत्यू झाला. गढूळ पाणी, तळाशी अडकवणारी जाळी, टाकीतली मोजकी हवा: अशा ठिकाणी आधी केबलला बांधलेलं कॅमेऱ्याचं यंत्र आत गेलं, तर माणसाला कुठे उतरायचं आणि कुठे नाही, ते काठावरच ठरवता येईल. गढुळात कॅमेरा आंधळा होतो हे खरं. तिथे ध्वनीने चाचपणारा सोनार लागतो आणि तो महाग आहे. म्हणून बीडमध्ये अशी स्पर्धा घ्यायची तर सुरुवात स्वच्छ विहिरीपासून करावी. अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली आणि आयटीआयमधली पोरं यंत्र घेऊन येतील. परीक्षकांच्या बाकावर पाटबंधारे खात्याचा अभियंता, बचाव पथकातला पाणबुड्या आणि एक वायंडिंगवाला असावा, आणि यंत्र पाण्यात जाण्याआधी पहिला जॉइंट त्यानेच उघडून पाहावा.