खुर्ची दिली, विचारलं कुणी?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात समुद्र, पर्यावरण आणि विज्ञान यांसाठी एक वरिष्ठ पद आहे. १९७५ मध्ये त्यावर पहिल्यांदा आल्या डिक्सी ली रे. सागरी जीवशास्त्रज्ञ, त्याआधी अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्ष. सहा महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला! तक्रार हीच, की निर्णय घेताना आपल्याला कुणी विचारत नाही. तेव्हा परराष्ट्रमंत्री होते किसिंजर. रे यांची पुढची पर्यावरणविषयक मतं मला पटत नाहीत, पण ही तक्रार पटते.

पुढे याच विभागातल्या रिचर्ड बेनेडिक यांनी ओझोनसाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराच्या वाटाघाटींत अमेरिकेची बाजू सांभाळली. ते शास्त्रज्ञ नव्हते, मुरलेले मुत्सद्दी होते. भारत मात्र तेव्हा थांबला. विकसनशील देशांना निधी द्यायचं १९९० मध्ये ठरलं, त्यानंतर १९९२ मध्ये आपण करारात आलो.