गीयाँ-बारे लक्षणसमूह व पुणे परिसरातील साथ

आघाताशिवाय उद्भवणाऱ्या अंगघाताचा एक प्रकार. यात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच परिसरीय तंत्रिकांवर हल्ला करते. वृत्तपत्रांतून तो ‘गुलेन बॅरे सिंड्रोम’ वा ‘जीबीएस’ या नावांनी परिचित आहे. पायांपासून वर चढत जाणाऱ्या अशा अंगघाताचे वर्णन लांद्री या फ्रेंच वैद्यांनी १८५९ मध्ये केले होते. गीयाँ, बारे व श्ट्रोल यांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांचा अभ्यास केला. त्यांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात प्रथिने वाढलेली, परंतु कोशिका मात्र वाढलेल्या नाहीत, असे त्यांना आढळले. हे लक्षण आजही निदानास उपयुक्त ठरते.

भारतात अंगघाताचा विचार दीर्घकाळ बालपक्षाघाताभोवती (पोलिओ) फिरत होता. पंधरा वर्षांखालील मुलांतील तीव्र शिथिल अंगघाताची नोंद १९९७ पासून पद्धतशीरपणे होऊ लागली व महाराष्ट्रातील मलाचे नमुने मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासले जाऊ लागले. नैसर्गिक पोलिओ व्हायरसाचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. त्यानंतर या प्रकारच्या अंगघाताच्या कारणांत गीयाँ-बारे लक्षणसमूहास अग्रस्थान मिळाले.

संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत विकाराची सुरुवात होते. ‘कँपिलोबॅक्टर जेजुनाय’ हा अतिसार उत्पन्न करणारा सूक्ष्मजंतू त्याचे प्रमुख कारण होय. या जंतूच्या आवरणातील काही घटक तंत्रिकांतील घटकांशी साम्य दर्शवितात. त्यामुळे जंतूविरुद्ध निर्माण झालेली प्रतिपिंडे तंत्रिकांनाही इजा करतात. पायांत मुंग्या येणे, दुर्बलता व प्रतिक्षेप नाहीसे होणे ही प्रमुख लक्षणे होत. सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत श्वसनस्नायू दुर्बल होऊन कृत्रिम श्वसनाची गरज भासते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी व नांदेड (ता. हवेली) या भागांत अशा रुग्णांची संख्या एकाएकी वाढली व पुढे ती दोनशेवर गेली, काही रुग्ण दगावले. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेस काही नमुन्यांत वरील जंतू आढळला. किरकटवाडी व नांदेड ही गावे २०२१ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झाली होती. तथापि तेथे पुरविले जाणारे विहिरीचे पाणी गाळण प्रक्रियेविना, केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते. शासनाने पुणे शहरासाठी कमला नेहरू, पिंपरी-चिंचवडसाठी यशवंतराव चव्हाण आणि मारुंजीसारख्या ग्रामीण भागातील गावांसाठी ससून रुग्णालयात मोफत उपचारांची सोय केली.

रक्तद्रव बदलणे व शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे हे दोन्ही उपचार सारखेच परिणामकारक असून ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास अधिक लाभ होतो. कॉर्टिकोस्टेरॉइडांचा उपयोग होत नाही. बहुतेक रुग्ण कालांतराने चालू लागतात. मात्र काहींत दुर्बलता कायम राहते. या विकाराविरुद्ध लस नाही. त्यामुळे वेगाने शहर बनत असलेल्या गावांत शुद्ध पाणीपुरवठा हाच प्रतिबंधाचा मुख्य मार्ग ठरतो.