सूज बोटाला कळते की मशीनला? सांधा तपासण्याची गोष्ट

आजचा एपिसोड सांध्यांवर आहे. 'हे म्हाताऱ्यांचं दुखणं' असं म्हणून पुढे ढकलू नका. आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो. आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त.

समजा, उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीत कापूस वेचणारी एक बाई आहे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिची मूठ वळत नाही. उन्हं वर आली की हात जरा मोकळा होतो, म्हणून घरचे म्हणतात, कामाने दुखत असेल. पण आतलं अस्तर सुजून हाड कुरतडायला लागलं असेल, तर पहिले काही महिनेच सगळ्यात मोलाचे असतात. मग ही सूज ओळखायची कशी?

जुना मार्ग म्हणजे अंगठा. डॉक्टर सांधा दाबतात, नखाचा कडा पांढरा होईल इतपत. दुखतं का? मऊ, स्पंजसारखं लागतं का? 1990च्या दशकात 28 सांधे मोजायची पद्धत रुळली: खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे आणि गुडघे. पावलं मात्र त्यात नाहीत!

आपल्या महाराष्ट्रात 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला एक मोठं काम सुरू झालं. डॉ. अरविंद चोपडा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन लोकांना विचारलं, कुठे दुखतं, कुठे सुजतं, आणि मग तपासलं. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या 'कॉपकॉर्ड' उपक्रमाचा हा भाग होता. प्रौढांमध्ये आमवात सापडला साधारण अर्धा टक्का, म्हणजे दोनशे माणसांत एक. मोठं यंत्र नाही; प्रश्न आणि हात, एवढ्यावर.

आता मशीनकडे येऊ. 1958 साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी आणि गर्भ ध्वनिलहरींनी दाखवले. 1972 मध्ये गुडघ्यामागची पाण्याची गाठ आणि शिरेतली गुठळी यातला फरक सोनोग्राफीने ओळखता आला. 1988 मध्ये आमवाताच्या हातांची सोनोग्राफी छापून आली. 1994च्या सुमारास पॉवर डॉपलर सांध्यांवर वापरला गेला आणि सुजलेल्या अस्तरातलं रक्त पडद्यावर केशरी दिसू लागलं. 2000 साली इंग्लंडमधल्या अभ्यासात सुरुवातीच्या आमवातात एक्स-रेपेक्षा सोनोग्राफीने साडेसहा पट जास्त हाडांची झीज पकडली.

म्हणजे हात रिटायर? थांबा. 2016 मध्ये नॉर्वेच्या 'आर्क्टिक' चाचणीत दोनशेच्या वर रुग्ण होते. एका गटाचे उपचार सोनोग्राफी बघून ठरवले, दुसऱ्याचे फक्त हाताने तपासून. दोन वर्षांनी निकाल जवळपास सारखेच! अट एकच: हाताची तपासणी नेमाने आणि नीट झालेली होती.

मग सोनोग्राफीचा उपयोग काय? एक, जिथे बोटाला शंका आहे तिथे निकाल देणं. दुसरा मला जास्त आवडतो: हाताला शिकवणं. शिकाऊ डॉक्टरने आधी सांधा दाबून अंदाज लिहायचा, मग पडद्यावर ताडून बघायचा. चरबी कुठली, सूज कुठली, हे असं करत करत बोटाला कळायला लागतं.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. गर्भलिंग निदान रोखायला महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वात आधी कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला. मुलींच्या जिवासाठी तो हवाच होता. पण त्यामुळे सांधे बघायच्या मशीनलाही नोंदणीची कटकट लागते, आणि पोर्टेबल मशीन गावोगाव सहज फिरवता येत नाही.

म्हणून मशीन शहरात शिकवेल. पण शिकलेला हात एसटीने ढाणकीला जाऊ शकतो. त्याला कुठलं लायसन्स अडवत नाही.

तुमच्या घरात कुणाची मूठ सकाळी तासभर वळत नसेल, सहा आठवडे झाले असतील, तर बाम चोळत बसू नका. डॉक्टरांना सांगा: "सांधे दाबून बघा." भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!