उभयान्वयी अव्यय (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजी व्याकरणात दोन शब्द, दोन पदसमूह किंवा दोन वाक्ये यांना जोडणाऱ्या अविकारी शब्दास ‘कन्जंक्शन’ म्हणतात. ही संज्ञा ‘एकत्र जोडणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आली असून मराठीत तिला ‘उभयान्वयी अव्यय’ हा प्रतिशब्द रूढ आहे. अँड, ऑर, बट, इफ, बिकॉज, ऑल्दो, अनलेस, दॅट ही नित्य वापरातील उदाहरणे होत. मराठी शालेय व्याकरणातील शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर ठरलेल्या असल्यामुळे हा प्रतिशब्द चपखल बसतो. मात्र या शब्दांचा प्रत्यक्ष वापर दोन्ही भाषांत सारखा नाही.

प्रकार

वाक्यरचनेच्या दृष्टीने इंग्रजी उभयान्वयी अव्ययांचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. प्रधानत्वसूचक अव्यये समान दर्जाच्या घटकांना जोडतात व त्यांच्या योगाने संयुक्त वाक्य तयार होते. फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो ही ती सात अव्यये असून त्यांच्या आद्याक्षरांपासून बनलेला ‘फॅनबॉयझ’ हा शब्द विद्यार्थी पाठांतरासाठी वापरतात. गौणत्वसूचक अव्यये एका वाक्यास दुसऱ्याच्या अधीन करतात आणि मिश्र वाक्य तयार होते. इफ, बिकॉज, ऑल्दो, अनलेस, दॅट, व्हेदर यांचा समावेश या प्रकारात होतो.

दोहोंतील भेद ओळखण्याची सोपी कसोटी क्रमाची आहे. कारण, संकेत किंवा काळ दाखवणारे गौण वाक्य अव्ययासह आरंभी नेता येते : ‘द मॅच स्टॉप्ड बिकॉज इट रेन्ड’ याऐवजी ‘बिकॉज इट रेन्ड, द मॅच स्टॉप्ड’ असेही म्हणता येते. अँड किंवा बट यांच्या बाबतीत असे स्थलांतर शक्य नसते.

बोथ–अँड, आयदर–ऑर, नायदर–नॉर, नॉट ओन्ली–बट ऑल्सो या जोड्यांना सहसंबंधी अव्यये म्हणतात. जोडीतील दोन्ही शब्दांनंतर सारख्याच प्रकारची रचना यावी, असा संकेत आहे. आयदर–ऑर व नायदर–नॉर यांनी जोडलेले कर्ते भिन्न वचनांचे असल्यास क्रियापद सामान्यतः जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते.

आफ्टर, बिफोर, सिन्स या शब्दांविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. हे शब्द नामापूर्वी आले तर ‘प्रेपोझिशन’ आणि वाक्यापूर्वी आले तर उभयान्वयी, ही पारंपरिक शिकवण होय. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ मधील ‘केंब्रिज’ व्याकरणाने मात्र दोन्ही ठिकाणी त्यांना ‘प्रेपोझिशन’ मानले आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत पारंपरिक वर्गीकरणच आढळते आणि प्राथमिक अभ्यासाला ते पुरेसे आहे.

मराठी भाषकांच्या दृष्टीने

इंग्रजीत उभयान्वयी अव्ययावर पडणारा भार मराठीत पुष्कळदा कृदन्ते व शब्दयोगी अव्यये उचलतात. ‘आफ्टर ही केम’ याचे मराठी रूप ‘तो आल्यावर’ असे होते. येथे उभयान्वयी अव्यय उरतच नाही. उलटपक्षी मराठीत जेथे दोन शब्दांची जोडी लागते, तेथे इंग्रजीला अनेकदा एकच शब्द पुरतो. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच चुकांचे मूळ या भेदात सापडते. केवळ अव्ययांच्या याद्या पाठ केल्याने त्या सुटत नाहीत.

‘जरी–तरी’ या जोडीच्या सवयीने ‘ऑल्दो’ने आरंभ झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ घातला जातो. प्रमाण इंग्रजीत या दोहोंपैकी एकच चालतो. ‘जर–तर’ या जोडीला मात्र ‘इफ–देन’ ही समांतर रचना उपलब्ध आहे, जरी ‘देन’ बहुधा गाळला जातो. संकेतार्थी वाक्यातील काळही लक्षात घ्यावा लागतो. ‘पाऊस आला तर सामना थांबेल’ यात मराठी भूतकाळी रूप वापरते. इंग्रजी तेथे साधा वर्तमानकाळ योजते : ‘इफ इट रेन्स, द मॅच विल स्टॉप’. भविष्यातील घटना म्हणून ‘इफ’नंतर ‘विल’ घालणे येथे चुकीचे ठरते.

सर्वांत चिवट चूक नकाराची आहे. ‘जोपर्यंत पाऊस थांबत नाही, तोपर्यंत थांब’ या वाक्यातील ‘नाही’ इंग्रजीत उतरवला की ‘वेट अनटिल द रेन डझ नॉट स्टॉप’ असे विपरीत वाक्य तयार होते. ‘वेट अनटिल द रेन स्टॉप्स’ हे शुद्ध रूप होय. ‘अनलेस’ या शब्दातही ‘नसेल तर’ हा नकार अंतर्भूत असल्याने त्यानंतर पुन्हा ‘नॉट’ घातल्यास अर्थ उलटतो.

‘तो म्हणाला की मी येतो’ या मराठी वाक्यात ‘की’नंतर बोलणाऱ्याचे मूळ सर्वनाम टिकते. इंग्रजी ‘दॅट’नंतर ते बदलते : ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’. मूळ ‘मी’ तसाच ठेवल्यास येणारी व्यक्तीच बदलते.

‘बिकॉज’ने वाक्यारंभ करू नये, हा वर्गांत सांगितला जाणारा नियम प्रमाण इंग्रजीला लागू नाही. मराठीत ‘कारण’ने सुरू होणारे वाक्य परिणामाच्या आधी ठेवता येत नाही, त्यामुळे हा नियम मराठी कानाला पटतो इतकेच. ‘अँड’ने वाक्यारंभ करण्यासही व्याकरणाची आडकाठी नाही, १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये अशी वाक्ये विपुल आहेत.

विरामचिन्हे आणि कायद्यातील अर्थ

प्रधानत्वसूचक अव्ययाने दोन पूर्ण वाक्ये जोडताना अव्ययापूर्वी सामान्यतः स्वल्पविराम देतात. ‘हाउएव्हर’ व ‘देअरफोर’ हे शब्द अर्थाने जोडणारे वाटले तरी ती क्रियाविशेषणे आहेत. दोन पूर्ण वाक्यांमध्ये ती आल्यास त्यांच्यापूर्वी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो.

तीन वा अधिक घटकांच्या यादीत शेवटच्या अव्ययापूर्वी येणाऱ्या स्वल्पविरामास ‘ऑक्सफर्ड स्वल्पविराम’ म्हणतात. तो देणे ऐच्छिक मानले जाते, पण अमेरिकेतील मेन राज्याच्या एका कायद्यात तो नसल्यामुळे मोठा वाद उद्भवला. जादा कामाच्या वाढीव वेतनातून वगळलेल्या कामांच्या यादीच्या शेवटी ‘पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण’ अशा अर्थाचे शब्द होते. ‘वितरण’ हे स्वतंत्र काम आहे, की ‘पाठवणी किंवा वितरण यांसाठी बांधणी’ असे एकच काम आहे, हा प्रश्न होता. ओकहर्स्ट डेअरीच्या चालकांनी दुसरा अर्थ मांडला, कारण ते मालाचे वितरण करीत, बांधणी नव्हे. संघीय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

‘अँड’चा अर्थही न्यायालयात गेला आहे. अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत सक्तीच्या किमान शिक्षेतून सवलत मिळण्यासाठी आरोपीकडे ‘अ, ब आणि क नसावेत’, अशा रचनेची अट अमेरिकेच्या २०१८ च्या एका कायद्यात आहे. अ, ब व क या पूर्वीच्या गुन्ह्यांविषयीच्या बाबी होत. तिन्ही एकत्र नसल्या की पुरे, की तिन्हींपैकी एकही नसावी, असे दोन अर्थ संभवत होते. पल्सिफर विरुद्ध अमेरिका या खटल्यात १५ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी दुसरा, म्हणजे आरोपींना प्रतिकूल असलेला अर्थ स्वीकारला. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिला. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी भिन्न मत नोंदवताना ‘अँड’ हा तिन्ही बाबी एकत्र आणणारा शब्द म्हणूनच वाचला.