व्यसनमुक्ती उपचारातील बक्षीस आणि उपचारकांची दृष्टी : एक ऐतिहासिक विचार

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्यालगत चोरखमारा हे गाव आहे. उन्हाळ्याच्या आरंभी मोहफूल आणि पाठोपाठ तेंदूपत्ता, हे या परिसरातील मजुरांच्या कमाईचे दिवस होत. येथील मद्यासक्त माणसाने पाच आठवडे दूरच्या शहरी उपचारासाठी राहावे, असे सुचविताना त्याच्या बुडणाऱ्या मजुरीचा हिशेब क्वचितच केला जातो. व्यसनी व्यक्तीला उपचारात टिकण्यासाठी मोबदला द्यावा काय, या वादाचा विचार प्रस्तुत लेखात याच बाजूने केला आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील एक महत्त्वाचे नाव 'मुक्तांगण'चे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने, हे केंद्र उभे केले. तेथे व्यसनाविना वर्षे पूर्ण करणाऱ्यांचा पदक देऊन गौरव होतो. म्हणजे बक्षीस आपल्याला परके नाही; मात्र ते सन्मानाचे असते आणि उशिरा मिळते.

अमेरिकेत स्टीफन हिगिन्स यांनी 1990 च्या दशकात नेमका उलटा मार्ग धरला. लघवीच्या तपासणीत कोकेन न आढळल्यास रुग्णाला लगेच व्हाउचर मिळे. सलग यशाबरोबर त्याचे मूल्य वाढे. एकदा चूक झाली की ते पुन्हा मूळ पायरीवर येई. 1994 च्या अभ्यासात व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी 75 टक्के रुग्ण 24 आठवडे टिकले, इतरांपैकी 40 टक्के. पुढे नॅन्सी पेट्री यांनी 2000 मध्ये मद्यासक्त माजी सैनिकांवर चिठ्ठी काढून बक्षीस देण्याची स्वस्त पद्धत अजमावली.

तरीही उपचारक साशंक राहिले. 'ही तर लाच', 'बक्षीस थांबले की माणूस परत पिणार', 'पैसा गुत्त्यातच जाणार' हे त्यांचे नेहमीचे आक्षेप. यातील दुसरा आक्षेप निराधार नाही. बक्षीस संपल्यावर परिणाम ओसरतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पहिला मात्र मला पटत नाही. लाच गैरकामासाठी असते. येथे तर तपासणीत सिद्ध झालेल्या संयमाचे मोल दिले जाते. तिसऱ्याचे उत्तर हिगिन्स यांच्या पद्धतीतच आहे : रोकड हाती देत नसत, समुपदेशकाच्या संमतीने वस्तू मिळत. कौतुक, प्रमाणपत्र यांसारखी बक्षिसे उपचारकांना वस्तुरूप बक्षिसांपेक्षा अधिक रुचतात. आपल्या पदकांची परंपरा पाहता याचे नवल वाटू नये.

चोरखमाऱ्यासारख्या गावी खरी अडचण निराळीच आहे. कोकेनचा माग लघवीत दोन-तीन दिवस राहतो. म्हणून आठवड्यातून तीन तपासण्या पुरतात. दारू श्वासातून काही तासांतच नाहीशी होते. येथे तपासणी जवळपास रोज हवी, आणि ती घेणारा माणूस गावातच हवा. त्या माणसाचे मानधन बक्षिसाच्या खर्चाआधी मोजावे लागेल. आणि बक्षीस मोहफुलाच्या हंगामात बुडालेल्या मजुरीच्या जवळपास नसेल, तर मजूर ते घेण्यासाठी थांबणार नाही.